चोरी एकाची, वर्गणी सगळ्यांची?

मुलांनो,

जूनमध्ये शाळा सुरू होते. नव्या वह्यांना कव्हरं घालून होतात, बाकांवरच्या जागा ठरतात, आणि जुलै उजाडला की बऱ्याच शाळांमध्ये एक वेगळीच धांदल सुरू होते. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक! अर्ज भरायचे, चिन्हं घ्यायची, मधल्या सुट्टीत वर्गावर्गांतून प्रचार करत फिरायचं. कुणाचं चिन्ह पतंग, तर कुणाचं कपबशी. बुटांच्या खोक्याला कागद चिकटवून मतपेटी तयार होते. काही शाळांत तर आता मोबाईललाच मतदान यंत्र बनवतात. बोटाला शाई लागते, निकाल लागतो, टाळ्या होतात आणि मुख्याध्यापक नव्या मंत्र्यांना शपथ देतात.

मग सुरू होतो राज्यकारभार. आरोग्यमंत्री दर सोमवारी सगळ्यांची नखं बघतो. स्वच्छतामंत्री मैदानातले कागद उचलायला लावते. क्रीडामंत्र्याकडे चेंडूंच्या कपाटाची किल्ली असते. शिक्षणमंत्री गृहपाठाच्या वह्या गोळा करून बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवतो. आणि मुख्यमंत्री? तो प्रार्थनेच्या वेळी 'सावधान', 'विश्राम' म्हणतो.

ही कामं वाईट मुळीच नाहीत. कुणीतरी ती करायलाच हवीत. पण आज मला तुम्हांला एक खोचक प्रश्न विचारायचाय. तुमच्या मंत्रिमंडळानं वर्षभरात एखादा निर्णय घेतला का? म्हणजे मोठ्यांनी सांगितलं आणि तुम्ही केलं, असं नव्हे. तुम्ही एकत्र बसलात, बोललात, भांडलात, काहीतरी ठरवलंत आणि ते शाळेत अमलात आलं, असं काही झालं का?

समजा, एखाद्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटली आहे. सहा महिने झाले. मुली जोडीजोडीनं जातात. एक आत, दुसरी बाहेर दार धरून उभी. काही मुली तर दिवसभर पाणीच पीत नाहीत. शाळेला आरोग्यमंत्री आहे, स्वच्छतामंत्री आहे, मुख्यमंत्रीही आहे. पण कडीचा विषय बोलायचा कुठं? कुणापुढे? कोणत्या दिवशी? ते ठरलेलंच नाही. मंत्री आहेत, पण सभा नाही. म्हणजे विहीर बांधून झाली, पण पोहराच नाही!

या पोहऱ्याचा शोध घेणाऱ्या एका हायस्कूलची गोष्ट आज सांगते. गोष्ट खरी आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वीची आहे.

प्रश्न विचारणारे प्राध्यापक

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचं राज्य आहे. तिथे बॉस्टन शहराला लागून, चार्ल्स नदीच्या पलीकडे केंब्रिज नावाचं गाव आहे. प्रसिद्ध हार्वर्ड विद्यापीठ याच गावात आहे. तिथे लॉरेन्स कोलबर्ग नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा जन्म 1927 सालचा. माणसाला बरंवाईट कसं कळायला लागतं, याचा ते अभ्यास करायचे.

त्यांची पद्धत मोठी गमतीची होती. ते मुलांना एक पेच सांगायचे. एका माणसाची बायको फार आजारी आहे. तिला वाचवणारं औषध गावातल्या एकाच औषधवाल्याकडे आहे, आणि तो अवाच्या सवा पैसे मागतो. नवऱ्यानं सगळीकडे उसनवारी केली, तरी पैसे पुरेनात. मग त्यानं ते औषध चोरावं का? उत्तर 'हो' आलं की 'नाही' आलं, याला कोलबर्ग फारसं महत्त्व देत नसत. ते विचारायचे, 'का?' कुणी म्हणे, पोलीस पकडतील म्हणून चोरू नये. कुणी म्हणे, लोक काय म्हणतील? कुणी म्हणे, जीव पैशापेक्षा मोठा. या 'का'च्या उत्तरांवरून माणसाच्या विचाराच्या सहा पायऱ्या त्यांनी मांडल्या. सुरुवातीचा त्यांचा अभ्यास फक्त मुलग्यांवर झाला होता, म्हणून पुढे त्यावर टीकाही झाली. ती रास्तच होती.

पण पुढे कोलबर्गना वेगळाच प्रश्न पडला. वर्गात बसून कल्पनेतल्या पेचांवर बोलणं ठीक आहे. पण मूल दिवसातले सहा-सात तास ज्या शाळेत काढतं, ती शाळाच न्यायानं चालत नसेल, तर न्यायावरच्या गप्पांचा उपयोग काय? 1969 साली त्यांनी इस्रायलमध्ये किबुट्झ म्हणजे सामुदायिक वसाहतीतली शाळा पाहिली. तिथली मुलं आपलं बरंचसं रोजचं जीवन स्वतः मिळून ठरवत होती. ते कोलबर्गच्या मनात घर करून राहिलं.

आणि 1974 साली केंब्रिजच्या सरकारी हायस्कूलमध्येच एक छोटी शाळा सुरू झाली. नाव होतं क्लस्टर स्कूल. क्लस्टर म्हणजे घोस, द्राक्षांचा असतो तसा. साठएक विद्यार्थी आणि मूठभर शिक्षक. प्राध्यापकांची मुलं होती, तशी कामगारांचीही होती. गोरी मुलं होती, कृष्णवर्णीय मुलंही होती. इंग्रजी आणि समाजशास्त्र हे विषय सगळे एकत्र शिकत, बाकीच्या तासांना मोठ्या हायस्कूलमध्ये जात.

अमेरिकेतल्या हायस्कूलांतही निवडून आलेली विद्यार्थी परिषद असते. पण तिच्या वाट्याला बहुधा समारंभ, नाचगाण्याचे कार्यक्रम आणि निधी गोळा करणं अशीच कामं येतात. क्लस्टर स्कूलनं वेगळं करायचं ठरवलं. प्रतिनिधी नकोतच! आठवड्यातून एकदा सगळी शाळा एकत्र बसणार. प्रत्येकाला एक मत. विद्यार्थ्याला एक, शिक्षकालाही एकच, आणि खुद्द कोलबर्ग आले तरी त्यांनाही एकच.

पहिल्याच सभेत फजिती

आता तुम्हांला वाटेल, वा! मग सगळं छान झालं असेल. तर नाही.

पहिल्याच सभेत दुपारच्या तासांचा विषय निघाला. एकानं सुचवलं, ज्यांना दुपारचे विषय आवडत नाहीत, त्यांनी सरळ घरी जावं. झालं! लगेच मतदान घेतलं आणि ठराव भरघोस मतांनी मंजूर! तुम्ही हसताय ना? तुमच्या शाळेत मतदान घेतलं असतं तर काय झालं असतं, ते मनातल्या मनात सांगा बरं.

शिक्षकांची पंचाईत झाली. शेवटी सांगावं लागलं, की हे मतदान फक्त कल अजमावण्यासाठी होतं, निर्णय अजून झालेला नाही. त्यातून शिक्षक आणि मुलं दोघंही एक गोष्ट शिकली. नुसते हात वर करणं म्हणजे लोकशाही नव्हे. हात वर करण्याआधी जे बोलणं होतं, त्याला खरी किंमत आहे.

मग त्यांनी सभेची रीत बसवली. मोठ्या सभेच्या आधी छोटे छोटे गट बसत. दहा-बारा मुलं आणि एक शिक्षक. सभेत येणारा विषय आधी गटात चघळला जाई. साठ जणांपुढे ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो दहा जणांत बोलतो. मग गटांची मतं मोठ्या सभेत मांडली जात. आधी कल पाहायचा. ज्यांचं मत वेगळं आहे, त्यांना कारण विचारायचं. पुन्हा चर्चा, आणि मग खरं मतदान. नियम मोडल्याच्या तक्रारी पाहायला एक शिस्त समिती होती. तिच्यातही मुलं असत, आणि ती पाळीपाळीनं बदलत. म्हणजे कायम न्यायाधीश कुणीच नाही.

अर्थात सरकारी कायदे बदलणं किंवा परीक्षाच रद्द करणं हे सभेच्या हातात नव्हतं. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे माहीत असणं हाही शहाणपणाचाच भाग असतो.

एकदा शाळेत थोड्या जागा रिकाम्या झाल्या. कृष्णवर्णीय मुलं संख्येनं कमी होती. त्यांनी सभेत मांडलं, की या जागा कृष्णवर्णीय मुलांना द्याव्यात, म्हणजे आम्हांलाही शाळा आपली वाटेल. गोऱ्या मुलांची संख्या जास्त होती. मनात आणलं असतं, तर नुसत्या मतांच्या जोरावर ती मागणी फेटाळता आली असती. पण ऐकून घेतल्यावर सभेनं ती मान्य केली. ज्याची संख्या जास्त, त्याचंच खरं, असं तिथे झालं नाही.

नऊ डॉलरचा प्रश्न

आता येते खरी गोष्ट.

पहिल्या वर्षी शाळेत चोऱ्या झाल्या. सभेनं नियम केला, 'चोरी करू नये.' पण नियमानं चोऱ्या थांबतात थोड्याच! मुलं म्हणत, ज्याची वस्तू गेली त्याचं आणि ज्यानं नेली त्याचं काय ते भांडण. आमचा काय संबंध? आणि मित्राचं नाव सांगणार कोण? तो तर दगा झाला.

दुसऱ्या वर्षी एका मुलीच्या पर्समधून नऊ डॉलर गेले. कुणी कबूल होईना. विषय सभेत आला. एका छोट्या गटानं असा ठराव मांडला, की सगळे चाटच पडले. आपण प्रत्येकानं पंधरा सेंट द्यावेत, आणि तिचे नऊ डॉलर भरून द्यावेत!

हिशेब करून पाहा. एका डॉलरचे शंभर सेंट. नऊ डॉलरचे नऊशे. साठ जणांनी पंधरा-पंधरा सेंट दिले, की साठ पंधरे नऊशे. बरोबर जुळतं.

हिशेब जुळला, पण मनं जुळायला वेळ लागला. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं : मी चोरलं नाही, मग मी का भरू? तिनं पर्स सांभाळायला हवी होती. ठराव मांडणाऱ्या मुलीचं म्हणणं असं : तिचे पैसे गेले, याला आपण सगळेच जबाबदार आहोत. आपल्याला एकमेकांची फिकीर नाही, प्रत्येक जण आपापल्यापुरता आहे, म्हणून चोरी होते. हे एक कुटुंब आहे असं आपण म्हणतो ना? मग तिचे पैसे गेल्याचं सगळ्यांनाच वाईट वाटलं पाहिजे.

शेवटी सभेनं मध्यम मार्ग काढला. ज्यानं पैसे घेतलेत, त्यानं अमुक दिवसापर्यंत गुपचूप परत करावेत. कुणी नाव विचारणार नाही. तोपर्यंत पैसे आले नाहीत, तर प्रत्येकानं पंधरा सेंट द्यायचे. ठराव मंजूर झाला.

मुलांनो, इथे जरा थांबा. घाईघाईनं 'वा, छान!' म्हणू नका. मला वाटतं, तुमच्यातल्या काही जणांच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती यायलाच हवी.

वर्गात एकानं शिट्टी वाजवली आणि सगळ्या वर्गाला उभं केलं, असं कधी झालंय तुमच्याकडे? तेव्हा किती राग येतो! 'मी काहीच केलं नाही, मग मला शिक्षा का?' हा राग बरोबरच आहे. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना देणं हा न्याय नव्हे. मग क्लस्टर स्कूलचे पंधरा सेंट म्हणजे तेच नाही का?

मला विचाराल, तर नाही. आणि का नाही, तेही सांगते. शिट्टीच्या वेळी उभं राहण्याचा हुकूम वरून येतो. पंधरा सेंटचा ठराव मुलांनी स्वतः मांडला, त्यावर वाद घातला आणि स्वतःच मंजूर केला. दुसरं असं, की उभं राहून कुणाचंच भलं होत नाही, नुसते पाय दुखतात. पंधरा सेंटांनी एका मुलीचं नुकसान भरून निघणार होतं. पहिली झाली शिक्षा, दुसरी झाली जबाबदारी. आपल्याकडे म्हणतात ना, गाव करी ते राव न करी. शेजारच्याचं घर जळालं, की गाव पैपैसा गोळा करून देतं. आग मी लावली नाही म्हणून कुणी हात आखडता घेत नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच. ज्यांनी ठरावाविरुद्ध मत दिलं, त्यांनीही पंधरा सेंट द्यायचे का? तुम्हांला काय वाटतं? मी माझं मत सांगते : द्यायचे. कारण उद्या त्यांचा ठराव मंजूर होईल, तेव्हा बाकीच्यांनीही तो पाळायचा आहे. पण तुमचं मत वेगळं असेल, तर ते कारणासकट मांडा. मला ते वाचायला आवडेल.

चुगली की माहिती?

मित्राचं नाव सांगणं म्हणजे दगा, असं त्या मुलांना वाटत होतं. तुम्हांलाही वाटतं. 'बाई, यानं ना...' असं म्हणणाऱ्याला वर्गात कुणी भाव देत नाही. पण चुगली आणि माहिती यांत फरक आहे. चुगली आपण बाईंच्या नजरेत चांगलं दिसण्यासाठी करतो. माहिती आपण कुणाला तरी वाचवण्यासाठी देतो. रोज कुणाचा तरी डबा गायब होतो, एखाद्या लहान मुलाला रोज मारतात, आणि आपल्याला ते ठाऊक आहे. तेव्हा गप्प राहणं म्हणजे मारणाऱ्याची बाजू घेणं. सभेत हे उघडपणे बोलता आलं, तर पाठीमागे कुजबुजायची गरजच पडत नाही.

क्लस्टर स्कूल काही वर्षंच चाललं. दर आठवड्याची सभा, तिची तयारी, तासन् तास चर्चा हे काम दमवणारं होतं. शिक्षकांना खूप कष्ट पडत. पण बी रुजलं होतं. न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेल गावात एक छोटी पर्यायी शाळा होती. तिनं ही रीत उचलली. तिथे कुणी नियम मोडला, तर निर्णय देणाऱ्या समितीचं नावच 'फेअरनेस कमिटी' आहे. म्हणजे शिक्षा समिती नव्हे, तर न्याय्य काय ते पाहणारी समिती.

आपल्याकडचा घडा

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं अमेरिकेतलं झालं. चला तर मग, आपल्या देशात येऊ.

तमिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तिरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या देवळाच्या भिंतींवर इसवी सन 920 च्या सुमाराचे शिलालेख आहेत. तेव्हा तिथे पहिल्या परांतक चोळ राजाचं राज्य होतं. गावच्या समित्या कशा निवडायच्या, याचे नियम दगडात कोरून ठेवले आहेत. गावाचे तीस भाग केले होते. प्रत्येक भागातल्या पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहायची, त्या घड्यात टाकायच्या, सगळ्यांसमोर घडा हलवायचा आणि एका लहान मुलाला चिठ्ठी काढायला सांगायचं. आजही आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत काढताना पुष्कळदा लहान मुलाच्या हातूनच चिठ्ठी काढतात, ते तुम्ही पाहिलं असेल.

उत्तिरमेरूरचे दोन नियम मला फार आवडतात. एक, गेल्या तीन वर्षांत जो समितीवर होता, त्याचं नाव घड्यात जायचं नाही. म्हणजे पाळी सगळ्यांना. दुसरा, ज्यानं आपल्या कामाचा हिशेब दिला नाही, तो बाद! हिशेब न देणाऱ्याचे जवळचे नातेवाईकसुद्धा बाद!

पण खरं ते सगळं सांगायला हवं. त्या घड्यात सगळ्या गावाची नावं नव्हती. जमीन असलेले, वेदविद्या शिकलेले पुरुषच त्यासाठी पात्र होते. स्त्रियांची, भूमिहीनांची चिठ्ठी त्यात पडतच नव्हती. घडा चांगला होता, पण त्याचं तोंड अरुंद होतं. ते रुंद करायला आपल्या देशाला हजार वर्षं लागली. 1950 साली आपलं संविधान लागू झालं आणि प्रत्येक प्रौढ माणसाला, स्त्री असो वा पुरुष, एक मत मिळालं.

आणि मुलांचं काय? मुलांनाही एक हक्क आहे. 20 नोव्हेंबर 1989 या दिवशी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार मंजूर केला. 1992 साली भारतानं तो स्वीकारला. त्यातलं बारावं कलम सांगतं, की ज्या गोष्टींचा मुलांशी संबंध आहे, त्यांबद्दल मुलांना आपलं मत मांडता आलं पाहिजे, आणि त्यांचं वय आणि समज पाहून त्या मताला महत्त्व दिलं पाहिजे. मुलं म्हणतील ते सगळं करावं, असं ते कलम म्हणत नाही. पण मुलांना विचारूच नये, हे त्याला मुळीच चालत नाही.

गोल बसा, चेंडू हातात घ्या

मी चौथीला शिकवते. आमच्या वर्गात शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही गोल करून बसतो. एक रबरी चेंडू फिरतो. ज्याच्या हातात चेंडू, त्यानंच बोलायचं. बोलायचं नसेल, तर 'पुढे' म्हणून चेंडू द्यायचा. पहिले काही शनिवार निम्मी मुलं नुसतं 'पुढे, पुढे'च म्हणायची. मग एकदा वर्गातला अगदी अबोल मुलगा चेंडू हातात धरून म्हणाला, "मधल्या सुट्टीत नळावर मोठी मुलं ढकलतात. पहिलीची पोरं पाणीच पीत नाहीत." सगळा वर्ग गप्प झाला. मला ते ठाऊक नव्हतं. मुलांनी तिथल्या तिथे ठरवलं, की पहिली-दुसरीला पाच मिनिटं आधी पाण्याला सोडावं, आणि तसं पत्र मुख्याध्यापकांना लिहिलं. अक्षर वेडंवाकडं होतं, पण खाली वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या होत्या. पुढच्या सोमवारपासून तसं सुरू झालं.

चौथीच्या मुलांना हे जमतं. तुम्ही तर हायस्कूलवाले! तेव्हा या वर्षी तुमच्या मंत्रिमंडळासाठी एवढं करून पाहा :

एक. महिन्यातून एक दिवस सभेचा ठरवून घ्या, आणि सभा शाळेच्या वेळातच ठेवा. शाळा सुटल्यावर ठेवलीत, तर एसटीनं गावाला जाणारी मुलं, घरी धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली कधीच येऊ शकणार नाहीत.

दोन. एक रिकामा डबा ठेवा. ज्याला जो विषय सुचेल, त्यानं चिठ्ठी टाकावी. नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. लाजऱ्या मुलांचा आवाज या डब्यातून येतो.

तीन. आलेल्या विषयांच्या तीन याद्या करा. आपण स्वतः ठरवू शकतो ते, उदाहरणार्थ मैदानाची पाळी. शिक्षकांबरोबर ठरवायचं ते, उदाहरणार्थ सहलीची जागा. आणि आपल्या हातात नाही, पण मागणी करता येईल ते, उदाहरणार्थ नवी पाण्याची टाकी. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी कोणत्या यादीत जाईल, सांगा पाहू?

चार. आधी वर्गात बोला, मग सभेत या. वर्गप्रतिनिधीनं आपलं घोडं पुढे दामटायचं नाही. वर्ग काय म्हणाला ते सांगायचं.

पाच. सभेची वही ठेवा. तारीख, विषय, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. वही लिहिणारा दर सभेला बदला. नाहीतर काय होतं, अक्षर छान म्हणून एका मुलीला वर्षभर लिहायला बसवतात आणि बोलायचं राहूनच जातं!

सहा. मुख्याध्यापकांना नम्रपणे विनंती करा, की आमच्या मागणीचं उत्तर पंधरा दिवसांत द्यावं. उत्तर 'नाही' असलं तरी चालेल, पण कारण सांगावं.

सात. मार्चमध्ये प्रत्येक मंत्र्यानं सगळ्यांसमोर उभं राहून हिशेब द्यावा. काय केलं, काय राहिलं. उत्तिरमेरूरची आठवण ठेवा!

थोडं आई-बाबांसाठी

पालकहो, हे पान तुम्हीही वाचता, हे मला ठाऊक आहे. 'मंत्रीबिंत्री नको, अभ्यास बुडतो' असं तुमच्यापैकी काहींना वाटतं. पण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात बहुमत, ठराव, इतिवृत्त हे शब्द पाठ करून गुण मिळतात, समज येत नाही. ती सभेत बसून येते. आपलं म्हणणं मुद्देसूद मांडणं, दुसऱ्याचं पटत नसताना ऐकून घेणं, हरल्यावर रुसून न बसणं, हे कोणत्या शिकवणीत शिकवतात?

आणि दुसरी गोष्ट. मुलगी मंत्रिमंडळात निवडून आली, तर 'उपमुख्यमंत्री होशील ना, तेवढं पुरे' असं म्हणू नका. आणि मुलगा पडला, तर त्याला बोलू नका. निवडणुकीत पडलेल्या मुलालाही सभेत एक मत असतं. ते त्याला नीट वापरायला शिकवा.

घरीही करून पाहता येईल. दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं, टीव्हीवर काय बघायचं, मोबाईल किती वेळ, यांवर रविवारी सगळे बसून बोला. शेवटचा शब्द तुमचाच असू द्या. पण मुलांना विचारा, आणि 'नाही' म्हणालात तर का ते सांगा. 'मी सांगतो म्हणून' हे कारण नव्हे.

तर मुलांनो, आता तुमचं काम. एका कागदावर तुमच्या शाळेतल्या अशा तीन गोष्टी लिहा, ज्या बदलायला हव्यात असं तुम्हांला मनापासून वाटतं. प्रत्येकीपुढे लिहा, कोण बदलू शकेल : आम्ही, आम्ही आणि शिक्षक, की आणखी कुणी. मग ती यादी मित्र-मैत्रिणींना वाचून दाखवा. त्यांचं मत वेगळं असेल, तर 'का?' असं विचारा, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या.

आणि हो, पंधरा सेंटांबद्दल तुमचं मत काय? तुमच्या वर्गात कुणाचे शंभर रुपये गेले, तर तुम्ही प्रत्येकी दोन-तीन रुपये द्याल का? दिलेत तर का, नाही दिलेत तर का? मला पत्रानं कळवा. चांगली कारणं असलेली पत्रं आपण याच पानावर छापू, मग ती माझ्या मताच्या उलट असली तरी.

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या,
बाई